जीर्णोद्धार आणि एक जुना बंब
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)



या पवित्र पीठासमोर दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा माझी मनःस्थिती मोठी संकोचाची झाली. मी काही शास्त्री नव्हे, पुराणिक नव्हे. बेळगावातील एका ओतशाळेत माझे आयुष्य गेले. वाळू, कोळसा आणि वितळलेले लोखंड यांपलीकडे माझा अभ्यास नाही. परंतु स्वामीजींनी निरोप पाठविला, ‘‘जे हातांनी केले आहे तेच सांगावे.’’ तेव्हा जे हातांनी केले, आणि एकदा याच हातांनी जे बिघडविले, ते आपणांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

माझा विषय ऐकून काहींना हसू येईल. सेवेतून निवृत्त झालेल्या एका जुन्या आगीच्या बंबाचे सुटे भाग कोठून मिळवावयाचे, हा तो विषय होय. मठाच्या उत्सवात बंबाचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, जीर्णोद्धार हा शब्द आपण मठमंदिरांतच शिकलो. उत्सवाच्या रथाचा आस झिजला की सुतार तो बदलतो. पालखीचा दांडा किडला की नवा येतो. वर्षामागून वर्षे रथाचे एकेक अंग बदलत जाते, तरी रथ तोच राहतो, अशी आपली श्रद्धा असते. ती श्रद्धा कशावर उभी आहे? बदलणाऱ्याने जुन्या अंगाचे माप नीट घेतले, आणि जे टिकण्यासारखे होते त्यास हात लावला नाही, या विश्वासावर. यंत्राच्या बाबतीतही हाच धर्म आहे.

आपल्या भाषेत ‘बंब’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक न्हाणीघरातील तांब्याचा बंब, ज्यात लाकडे घालून पाणी तापवितात. आणि दुसरा आगीवर पाणी मारणारा बंब. एकाच्या पोटात आग असते, दुसरा आगीच्या पोटात शिरतो. माझ्या हकिकतीत हे दोन्ही बंब येणार आहेत, म्हणून हा खुलासा आधीच केला.

मुंबईत अग्निशामक दलाचा कारभार १ एप्रिल १८८७ रोजी पोलिसांकडून नगरपालिकेकडे आला. पुढे घोड्यांच्या गाड्या जाऊन मोटारीचे बंब आले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आपल्या निपाणीच्या परिसरात तंबाखूच्या वखारी आहेत, उसाचे फड आहेत, गवताच्या गंजी आहेत. उन्हाळ्यात बंबाची घंटा ऐकून ज्याच्या काळजात धस्स झाले नाही, असा मनुष्य या भागात विरळा.

असा हा बंब म्हातारा झाला की त्याचे काय होते? केंद्र शासनाच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालविली जात नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था व अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरावयाची विशेष वाहने तेवढी त्यातून वगळली आहेत. नियम योग्यच आहे. ज्या गाडीवर लोकांचे प्राण अवलंबून आहेत ती वाटेत बंद पडता कामा नये. परंतु त्यामुळे जुनी वाहने एकदम लिलावाच्या यादीत आली, आणि त्यांत कोठे कोठे अशीही वाहने होती की ज्यांच्या जातीचे दुसरे वाहन आता शोधूनही सापडणार नाही.

या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण दिल्लीस आहे. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चाणक्यपुरीत १९७७ साली उघडले. तेथे १९१४ सालचा एक बंब आहे. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथील जॉन मॉरिस अँड सन्स यांनी तो बेल्साइझ कंपनीच्या सांगाड्यावर बांधला, आणि तो आला निझामच्या रेल्वेसाठी. हीच रेल्वे मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या आपल्या मराठी मुलखातून हैदराबादेस जात असे. १९५१ साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली. या जातीचे दोनच बंब जगात उरले आहेत, असे सांगतात. दिल्लीचा हा बंब नुसता काचेआड उभा नाही. ‘स्टेट्समन’ पत्राच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यात तो रस्त्यावरून धावलेला आहे.

आता विचार करा. बेल्साइझ कंपनी १९२५ साली बंद झाली. तिचे दुकान नाही, भांडार नाही, कारागीर तर केव्हाच गेले. अशा यंत्राचे एक चाक वा एक झडप निकामी झाली तर कोणाच्या दारी जावयाचे? दुर्मिळ वस्तूची हीच खरी विपत्ती होय. तिच्यासारखे दुसरे कोणी नाही, म्हणून तिला देणाराही कोणी नाही.

अनुभवाने मी म्हणेन की, अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली वाट शोधाची. लिलावाच्या अंगणात, भंगार बाजारात, जुन्या कारखान्यांच्या माळ्यावर त्याच जातीच्या मृत यंत्राचा अवयव मिळतो काय, हे पाहावयाचे. यास पैशापेक्षा चपला अधिक झिजतात.

दुसरी वाट ओळखीची, आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. मोटार बनविणारा कारखाना आपल्या गाडीचा प्रत्येक भाग स्वतः बनवीत नाही. मॅग्नेटो एकाकडून घेतो, कार्ब्युरेटर दुसऱ्याकडून, बेअरिंग तिसऱ्याकडून. तेव्हा गाडी दुर्मिळ असली तरी तिचे पुष्कळसे अवयव दुर्मिळ नसतात. तेच भाग त्या काळच्या ट्रकला, बसला, शेतातील इंजिनालाही बसलेले असतात. भागावर उमटविलेला क्रमांक हा त्याच्या कुळाचा उतारा होय. एक लहानसे उदाहरण देतो. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा असेल, तर शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणावे. आतले भोक २५ मिलिमीटरचे. बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५, हे कोष्टकात मिळते. ते कोणत्या गाडीतून निघाले हे विचारण्याचे कारणच उरत नाही. म्हणून जुना भाग फेकण्यापूर्वी त्यावरील गंज रॉकेलने पुसून आकडा वाचावा. कित्येकदा परदेशी शोधलेली वस्तू कोल्हापूरच्या उद्यमनगरात सापडते.

याच वाटेवर एक खड्डा आहे. जुन्या इंग्रजी यंत्रांचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे असतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ते ठरविले. त्यांचा कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, आणि नव्या पिढीच्या हाती मेट्रिक पाने व बोल्ट आले. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टास इंचात १२ आटे. त्याच्या जागी १२ मिलिमीटरचा बोल्ट घातला तर तो सैलसर आत जातो, एकदोन आटे धरतो, आणि काम झाले असे वाटते. परंतु दाब येताच आटे उपटून बाहेर येतात. माझ्याच कारखान्यात एका मुलाने हे केले आणि जुन्या कवचाचे भोक कायमचे बिघडले. दोष त्या मुलाचा नव्हता. जे जवळजवळ बसते ते बसले नाही असेच समजावे, हे मी त्यास शिकविले नव्हते.

तिसरी वाट नव्याने घडविण्याची, आणि तीच आमच्या भागाची विद्या आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, तेथेच लोखंडी नांगराचा उद्योग आरंभिला, आणि १९१० साली ते कुंडलच्या माळावर गेले. ते गेले तरी या मातीतील ओतकामाची परंपरा गेली नाही. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरच्या ओतशाळा आजही देशभर माल पाठवितात. ज्यास वाळूत साचा करता येतो, त्यास बेल्साइझ कंपनी बंद झाल्याचे भय नाही.

मात्र ही वाट दिसते तितकी सरळ नाही. तुटलेला भाग वाळूत दाबला, ठसा घेतला, धातू ओतला, की नवा भाग तयार, असे पुष्कळांस वाटते. तसे होत नाही. धातू निवताना आकसतो. लोखंड शेकडा सुमारे एक, आणि गनमेटल शेकडा सुमारे दीड. म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाचा गनमेटलचा पंखा जुन्याच पंख्यावरून ओतला, तर नवा १९७ चा निघेल. त्यात जुना आधीच झिजलेला, आणि लेथवर साफ करण्यास वरून दोनतीन मिलिमीटर जाणार. म्हणून पॅटर्न करणारा मेस्त्री लाकडाचा फर्मा मुद्दाम मोठा करतो. त्याची मोजपट्टीसुद्धा वेगळी, आकसण्याचा हिशेब धरून किंचित लांब आखलेली असते. हल्ली भागाचे चित्र यंत्राने टिपून संगणकावर फर्मा काढता येतो, आणि ती सोय उत्तम आहे. परंतु यंत्र झिजेलाही आकार समजून टिपते. हा खळगा मूळचा की चाळीस वर्षांच्या पाण्याने पाडलेला, हे ठरविण्यास माणूसच लागतो.

सज्जनहो, आता मी माझ्या अपराधाकडे येतो.

आमची ओतशाळा वडिलांनी सुरू केली. त्यांच्या काळचे शेकडो सागवानी फर्मे माळ्यावर रचलेले होते. १९९४ साली मी नवी शेड बांधली. जागा अपुरी होती, आणि त्या फर्म्यांची मागणी वर्षानुवर्षे आली नव्हती. मी ते घरी आणविले, आणि त्या हिवाळ्यात न्हाणीघरातील बंबाखाली एकेक करून जाळले. सागवान फार छान जळते. आई म्हणाली, ‘‘अरे, तुझ्या बापाचे दिवस यात गेले आहेत.’’ मी म्हटले, ‘‘आई, लाकूडच आहे ते.’’

त्यानंतर २९ वर्षांनी, २०२३ च्या उन्हाळ्यात, तीन वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. सीमाभागातील एका लहान गावच्या बंबखान्यात त्यांनी नोकरी केली होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यातून उगाच कोणास कमीपणा येईल. त्यांचा जुना बंब बरीच वर्षे लिंबाखाली उभा होता आणि आता भंगारात जाणार होता. त्यांनी अर्जविनंत्या करून तो गावासाठी मागून घेतला होता. नुसता लाल रंग देऊन चौकात उभा करावा, असे पुष्कळांनी सुचविले. परंतु त्यांपैकी जे वाहनचालक होते, ज्यांना सारे अण्णा म्हणत, त्यांचा हट्ट एकच होता, ‘‘पाणी उडाले पाहिजे.’’

पोत्यात गुंडाळून त्यांनी पंपाचे फुटलेले कवच आणले होते. अडकलेला पंखा काढताना कोणीतरी हातोडा मारला होता. मी तुकडे टेबलावर मांडले, एक तुकडा उलटा केला, आणि आतल्या बाजूस ओतलेली खूण दिसली. ती आमच्या ओतशाळेची होती, आणि शेजारी आकडा होता १९७१. म्हणजे ते कवच मूळचे परदेशी नव्हतेच. पूर्वी एकदा ते फुटले असता माझ्या वडिलांनी ते ओतून दिले होते. त्याचा फर्मा आमच्या माळ्यावर होता. आणि मी त्याने स्नानाचे पाणी तापविले होते.

अण्णांस मी हे सांगितले. लपविणे शक्य होते, पण धीर झाला नाही. ते काही वेळ गप्प राहिले, मग कन्नडमध्ये आपल्या सोबत्यास काही म्हणाले, आणि मला मराठीत म्हणाले, ‘‘होऊ द्या. बाप करू शकला, तर मुलगाही करील.’’

पॅटर्नचे काम करणारे आमचे जुने मेस्त्री तेव्हा घरी बसले होते. त्यांना विनवून आणले. त्यांची भाषा कन्नड, मोल्डरची मराठी. मेस्त्री साच्याला ‘अच्चु’ म्हणत, मोल्डर ‘साचा’ म्हणे, आणि दोघांचे बोट एकाच जागी असे. तुकडे तारेने बांधून मापे घेतली. ज्या जागा झिजल्या नव्हत्या त्या शोधून त्यांवरून मूळचा आकार काढला. पंखा आणि कवच यांतील फट अगदी थोडी राखावी लागते. ती वाढली की दाबाखालचे पाणी मागे फिरते, आणि पंप विहिरीतून पाणी उचलण्यास असमर्थ होतो. मुळात हवेच्या दाबाने पाणी चढते ते समुद्रकाठी फार तर सुमारे १० मीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, म्हणून येथे मर्यादा साडेनऊच्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आपल्या खोल विहिरींवर चुकीची एक फट म्हणजे कोरडी नळी.

पहिले ओतीव धातूत हवा राहून सच्छिद्र निघाले. दुसरे वरून निर्दोष दिसले, पण पाणी भरून दाब देताच त्यास घाम सुटावा तसे थेंब आले. अशा पंपाचा कामाचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलो. आम्ही चाचणी त्याच्या दीडपटीने घेत होतो. तिसऱ्या वेळी मेस्त्रींनी धातू ओतण्याची वाट बदलली आणि हवा निघण्याच्या वाटा वाढविल्या. ते ओतीव टिकले. अर्धा तास काटा हलला नाही.

एक प्रश्न राहिला. नवे कवच जुन्यासारखे दिसावे म्हणून त्यावर १९७१ हाच आकडा उमटवावा, असे माझ्या मुलाने सुचविले. १९६४ साली व्हेनिस येथे जगातील वास्तुतज्ज्ञांनी जीर्णोद्धाराची जी सनद केली, तिचे एक सूत्र असे की, नवा भरलेला भाग जुन्याशी सुसंगत असावा, पण तो जुना असल्याचा भास करून देऊ नये. मला ती सनद त्या वेळी आठवली असे मी म्हणणार नाही. मला वडिलांची खूण आठवली. त्यांनी परदेशी नाव उमटविले नव्हते. आपले नाव आणि आपले साल घातले होते. ती खूण होती म्हणूनच मला माझा अपराध कळला. आम्ही आतल्या बाजूस २०२३ घातले. जुने तुकडे अण्णांस परत दिले. ते बंबाच्याच पेटीत ठेवले आहेत. आणि नवा फर्मा आमच्या माळ्यावर आहे, त्यावर गावाचे नाव, बंबाचा क्रमांक व मापे दोन्ही लिपींत लिहिली आहेत.

चाचणीच्या दिवशी तळ्याच्या काठी बंब उभा केला. इंजिन तिसऱ्या हिसक्यास लागले. नळी फुगली, आणि पाण्याची धार चिंचेच्या शेंड्यावरून गेली. शाळेची मुले ओरडू लागली. अण्णा मात्र धारेकडे पाहतच नव्हते. ते पंपावर कान ठेवून उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, ‘‘तोच आवाज आहे.’’

कोणी म्हणेल, या खर्चात चार विद्यार्थ्यांची फी भरली गेली असती. खरे आहे, आणि अन्नदान व विद्यादान यांची बरोबरी लोखंड करू शकणार नाही. परंतु त्या अंगणात ज्या तीन मुलांनी मेस्त्रींच्या हाताखाली फर्मा घासला, त्यांस जी विद्या मिळाली ती कोणत्याही फीने मिळाली नसती. मेस्त्री पुढच्याच वर्षी निवर्तले. तो बंब आला नसता, तर ती विद्या त्यांच्याबरोबर गेली असती.

म्हणून श्रीमठाच्या भक्तजनांस माझी तीन नम्र विज्ञापने आहेत. आपल्या घरी, दुकानी, कारखान्यात एखादे जुने यंत्र असेल, तर ते टाकण्यापूर्वी त्याचे माहितीपुस्तक, चित्रे व फर्मे टाकू नका. यंत्र परत घडविता येते, मापे परत मिळत नाहीत. दुसरे, यंत्रात नवा भाग बसविला तर त्यावर साल घाला, आणि काय बदलले ते वहीत लिहा. तिसरे, श्रीमठाच्या ग्रंथालयात एक कपाट या कामास द्यावे, आणि आपल्या भागातील वृद्ध मेस्त्री, सुतार, लोहार, चालक यांच्याकडून त्यांच्या विद्येची नोंद मराठीत व कन्नडमध्ये करून घ्यावी. हे काम सरकार करील तेव्हा करील. मेस्त्री तोवर थांबणार नाहीत.

मी जे जाळले ते परत येणार नाही. त्या माळ्यावर आणखी किती गावांचे फर्मे होते, हे मला आजही ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे काही असेल, तर आज घरी गेल्यावर एकदा शिडी लावून पाहावे, एवढीच प्रार्थना.